कोंढाणा नव्हे, कोंडाणे

महाराष्ट्रात गावांना नावे ठेवण्याचे काम पूर्वी ज्या कोणाकडे होते, त्या गृहस्थाने फारच काटकसर केलेली दिसते. एक वडगाव काढले आणि तेच राज्यभर वाटले. पिंपळगावांचे तसेच. मग पत्रे चुकीच्या गावी आणि वऱ्हाडे चुकीच्या मांडवात जाऊ लागली, तेव्हा कोणाला बुद्रुक, कोणाला खुर्द अशा शेपट्या लावून कसेबसे निभावून न्यावे लागले.

जिल्ह्यांची तऱ्हा काही वेगळी नाही. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता. कुलाबा हा अलिबागच्या समुद्रातला आंग्र्यांचा किल्ला. पण मुंबईच्या माणसाला कुलाबा म्हटले की किल्ला आठवत नाही, बसची पाटी आठवते. तेव्हा नाव बदलून रायगड केले. आता कर्जतचा माणूस बाहेरगावी गेला आणि ‘मी रायगडचा’ म्हणाला, की ऐकणाऱ्याला वाटते हा जगदीश्वराच्या देवळामागेच राहतो. वास्तविक कर्जतहून रायगड किल्ला शंभरावर किलोमीटर. पण नावाने एवढा मान मिळतो आहे तर कशाला नाही म्हणा!

या गोंधळावरचा कळस म्हणजे कोंढाणा आणि कोंडाणे. कोंढाणा म्हणजे सिंहगड. पुण्याजवळचा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन घेतलेला. कोंडाणे म्हणजे कर्जत तालुक्यातले, उल्हास नदीच्या खोऱ्यातले लहानसे गाव. त्याच्या माथ्यावर राजमाचीचा किल्ला आणि डोंगराच्या पोटात बौद्ध लेणी. दोहोंच्या मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडलेला आहे. पण माणसे सह्याद्री ओलांडतील, एक काना ओलांडणार नाहीत. २०२० साली तानाजीवरचा सिनेमा आल्यापासून तर कर्जत स्टेशनावर उतरून ‘घोरपड लावली तो कडा कुठला हो?’ असे विचारणारी मंडळी वाढली आहेत, असे ऐकतो. रिक्षावालेही सज्जन. ते नाही म्हणत नाहीत. बसवतात.

आमच्या घरात हा गोंधळ विलायतेहून आला. माझा धाकटा मेहुणा इंग्लंडात असतो आणि विंडसरच्या किल्ल्यापासून मोटारीने पंधरा मिनिटांवर राहतो. किल्ल्याजवळ राहणाऱ्या माणसाला किल्ला आपल्या वडिलांनी बांधला असे वाटू लागते. दर रविवारी फोनवर विंडसर. तिथले पहारे, तिथली हिरवळ, तिथले तिकीटसुद्धा कसे जाड कागदाचे. ‘दर वीकएंडला जगभरची माणसं येतात, भाऊजी. किल्ला आणि खाली गाव, असं आपल्याकडं नाही.’ मी ऐकून घेत असे. बायकोचा भाऊ आणि बँकेचा ग्राहक यांच्यापुढे आपला नेहमीच ‘हो’ असतो.

तो डिसेंबरात सुटीला आला आणि म्हणाला, ‘भाऊजी, यंदा तुमचा कोंढाणा बघायचा. कर्जतला उतरलं की जवळच दिसतोय मोबाइलवर.’

‘तो कोंढाणा नव्हे, हे कोंडाणे.’

‘एका काना-मात्रेचा तर फरक!’

आता हे वाक्य बँकेत नोकरी करणाऱ्या माणसापुढे बोलू नये. वीस वर्षे मी लोकांच्या सह्या ताडून पाहतो आहे. पूर्वी पिवळ्या पडलेल्या कार्डावरून पाहायचो, आता पडद्यावर पाहतो. काना-मात्रेच्या फरकावर चेक परत जातो आणि माणूस काउंटरवर येऊन आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. नाव एक असणे आणि माणूस एक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे एकच तत्त्वज्ञान बँकेने मला शिकवले. पगार म्हणतात तो त्याचाच.

म्हणून मी विंडसरची थोडी चौकशी करून ठेवली होती. विल्यम द कॉन्करर या नॉर्मन राजाने १०६६ साली इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही वर्षांत हा किल्ला बांधायला घेतला. पण मूळ विंडसर गाव तिथे नव्हतेच. ते टेम्स नदीच्या खालच्या अंगाला, दोन-तीन मैलांवर होते. किल्ल्याभोवती नवी वस्ती वाढली, तिने नाव उचलले, आणि मूळ गाव झाले ‘ओल्ड विंडसर’. म्हणजे घरच्या मालकालाच बुद्रुक करून टाकले. पुढे १९१७ साली पहिले महायुद्ध चालू असताना पाचव्या जॉर्ज राजाने पाहिले, की लढाई जर्मनीशी आणि आपल्या घराण्याचे नाव सॅक्स-कोबर्ग-गोथा, म्हणजे अस्सल जर्मन. त्याने जाहीरनामा काढला आणि किल्ल्याचे नाव घराण्याला लावले. आमच्याकडे बचत खात्यावर नाव बदलायचे तर गॅझेटची प्रत, प्रतिज्ञापत्र आणि दोन फोटो लागतात. राजाचे बरे असते.

हे सगळे मी मेहुण्याला ऐकवले. तो एवढेच म्हणाला, ‘मग चला, तुमचं कोंडाणे तरी दाखवा.’ दुसरा शनिवार होता. बँक बंद. निघालो.

बेत असा, की गाडीने लोणावळ्याला उतरायचे, तिथून पंधराएक किलोमीटर चालत राजमाचीला मुक्काम करायचा आणि रविवारी मागच्या बाजूने कोंडाण्याला उतरून कर्जत गाठायचे. वाटेत कर्जत स्टेशन आलेच. तिथला वडा खाणे हा रेल्वेचा नियम नसला तरी प्रवाशांचा आहे. घाट चढायचा म्हणून आमच्या गाडीला मागून जादा इंजिने लागली. त्या इंजिनांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. मेहुण्याला मोठी गंमत वाटली. पण मला ते नाव ज्याने ठेवले त्याला नमस्कार करावासा वाटला. गाडीच्या पाटीवर नाव नाही, पुढच्या इंजिनावर हार घातला तर त्यातले फूल मिळत नाही, आणि सगळा बोरघाट मागून ढकलायचा. १८६३ साली हा रेल्वेचा घाट खुला झाला, तेव्हापासून जगातली यच्चयावत बँकिंगची व्याख्या कर्जत स्टेशनात उभी आहे आणि आमच्या परीक्षेच्या पुस्तकात मात्र ती नाही.

राजमाचीला पोचेपर्यंत दिवस कलला. हा किल्ला म्हणजे एका पायावर दोन डोकी. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ आणि माचीवर उधेवाडी. विंडसरला किल्ल्याखाली गाव असेल, आमच्याकडे गावच किल्ल्यावर आहे. शिवाय जागा अशी, की किल्ला पुणे जिल्ह्यात आणि पायथ्याची लेणी रायगड जिल्ह्यात. डोंगराचे डोके एका कलेक्टरकडे, पाय दुसऱ्याकडे. श्रीवर्धनवर उभे राहिले की कळते, की हा किल्ला इथे का. खाली कोकण, मागे देश, आणि कल्याणच्या बंदरापासून घाट चढून येणारी जुनी व्यापारी वाट नजरेच्या टप्प्यात. या दारात जो बसला त्याच्या हातात कोकणाची किल्ली.

म्हणूनच १७७६ साली इथे एक माणूस येऊन बसला होता. स्वतःला सदाशिवरावभाऊ पेशवे म्हणवणारा.

उधेवाडीत ज्या घरी उतरलो होतो तिथे पिठले-भाकरी झाल्यावर मी मेहुण्याला ती हकिकत सांगायला बसलो. घरच्या आजीही चुलीपाशी ऐकत होत्या.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेब पडले. पण त्या गर्दीत देहाची ओळख सगळ्यांना पटेल अशी झाली नाही. त्यांची पत्नी पार्वतीबाई रणावरून परत आली आणि तिने कुंकू पुसले नाही. ती शेवटपर्यंत भाऊंची वाट पाहत राहिली. एकट्या पार्वतीबाईचेच असे नव्हते. त्या लढाईने महाराष्ट्रातल्या किती घरांत एक रिकामा पाट मांडून ठेवला होता. गेला म्हणावे तर कोणी पाहिले नाही, आहे म्हणावे तर येत नाही.

अशा वेळी सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याला पकडले, पुण्यात चौकशी झाली, तोतया ठरवून कैदेत टाकले. पुढे त्याला रत्नागिरीच्या किल्ल्यावर ठेवले होते. १७७६ साली तिथला अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला सोडले आणि भाऊसाहेब म्हणून मिरवले. झाले! कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या स्वाधीन होऊ लागले. हजारोंची फौज जमली. बोरघाट ओलांडला की पुणे, अशा बेतात स्वारी राजमाचीपर्यंत येऊन ठेपली. पुण्याच्या कारभाऱ्यांनी तह करावा तसे गोड निरोप पाठवून त्याला इथेच गुंतवून ठेवले, आणि महादजी शिंदे व भिवराव पानसे यांची फौज अचानक अंगावर आली. फळी फुटली. तोतया खाली कोकणात पळाला, गलबतात बसला, तो रघुजी आंग्र्यांच्या हाती लागला. वर्ष संपायच्या आत पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. पुढे नरसिंह चिंतामण केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ नाटक लिहिले.

‘पण इतके लोक फसले कसे?’ मेहुण्याने विचारले. ‘पंधरा वर्षं झाली होती, भाऊजी. ओळखणारे होते की जिवंत.’

मी धंद्यातले उत्तर दिले. म्हटले, तेव्हा केवायसी नव्हती. सही ताडायला नमुना नाही, फोटो नाही, आधार कार्ड नाही. शिवाय राज्यात पेशवा तान्हे मूल, कारभारी भांडणारे, राघोबादादा दुसरीकडे. ज्यांना कारभाऱ्यांचा राग होता त्यांनी डोळे मिटून ओळख पटवली. खोटी सही पास होते ती सही चांगली असते म्हणून नव्हे, पास करणाऱ्याला ती पास व्हायला हवी असते म्हणून.

चुलीपाशी आजी निखारे सारखे करत होत्या. त्या म्हणाल्या, ‘तसं न्हाय बाबा. ज्याचं मानूस परत आलं न्हाय ना, त्याला दारात कोनीबी हुबं राह्यलं तरी आपलंच वाटतं.’

यावर आम्हा दोघांनाही काही सुचले नाही. बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात हा मुद्दा आलेला नाही. पार्वतीबाई १७८३ साली वारल्या. म्हणजे पानिपतानंतर बावीस वर्षे. तोतयाचे बंड दहा महिन्यांत मोडता आले, पण ही बावीस वर्षे मोडायला महादजी शिंद्यांकडेही फौज नव्हती.

किल्ल्याचे पुढे काय झाले म्हणाल, तर १८१८ साली इंग्रजांनी तो न लढता घेतला. मेहुण्याला हे सांगताना मी आवाज जरा खाली ठेवला. तो आता त्यांच्यातच राहतो.

रविवारी सकाळी कोंडाण्याची उतरण धरली. वाट दाट झाडीतून, वाळक्या पानांवरून घसरत जाते. विलायती बूट मराठी पानांवर टिकत नाहीत, हे मेहुण्याने दोनदा बसून सिद्ध केले. तासा-दोन तासांनी झाडी बाजूला झाली आणि समोर लेणी उभी राहिली. मेहुणा पानावरून उठला तो तसाच बघत राहिला.

ही लेणी इसवी सनापूर्वीची, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. कार्ले, भाजे, बेडसे यांच्या भावकीतली, आणि तीही त्याच जुन्या व्यापारी वाटेच्या आसऱ्याने. एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री नावाच्या पंडितांनी ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. मागोमाग ठाण्याचे कलेक्टर लॉ साहेब पाहायला आले, कारण तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. (या तालुक्याला किती वेळा आडनाव बदलावे लागले पाहा!) चैत्यगृह सुमारे पासष्ट फूट खोल आणि अठ्ठावीस फूट उंच. आत स्तूप. खांबांपैकी पुष्कळ खालून झिजून गेलेले, काही तर नुसते छताला लोंबकळताहेत. म्हणजे छताला आधार द्यायला ठेवलेल्या खांबांना छतानेच धरून ठेवले आहे. हे दृश्य कित्येक कचेऱ्यांत पाहायला मिळते.

पण खरी गंमत दर्शनी भागावर. तिथे नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत, आणि त्यांच्या भोवती कमानी, जाळ्या, कठडे, तुळयांची टोके. सगळे हुबेहूब सुतारकाम. फक्त दगडात. त्या काळी घरे-वाडे लाकडाचे असत, तेव्हा दगडातली इमारतही लाकडासारखी दिसली पाहिजे, असा हट्ट. जी तुळई काही तोलत नाही तिचेही टोक कोरलेले. आत छताला खऱ्या लाकडी फासळ्या होत्या, त्या गेल्या. दगडाचे लाकूड राहिले.

‘म्हणजे हाही तोतयाच की,’ मेहुणा म्हणाला. ‘दगड असून लाकूड म्हणवतोय.’

दोन दिवसांत माणसाची नजर तयार होते ती अशी. मी त्याला डाव्या अंगाला नेले. तिथे एक भव्य मूर्ती होती, माणसाच्या दुप्पट आकाराची. यक्षाची असावी असे जाणकार म्हणतात. आता फक्त डोक्याचा भाग उरला आहे. फेट्यासारखे शिरोभूषण बारीक कामासकट शाबूत, चेहरा मात्र पार गेलेला. आणि त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ:

‘कन्हस अंतेवासिना बलकेन कतं’

कान्हाचा शिष्य बालक याने केले. बस्स, एवढेच. भाषा प्राकृत, पण ऐकायला किती जवळची! ‘कतं’ म्हणजे केलं. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा, घरात शिकलेला पोरगा. नाव बालक. आपल्याकडे त्याला बाळ्याच म्हटले असते.

मी वीस वर्षांत लाखभर सह्या पाहिल्या असतील. गिरक्या घेणाऱ्या, दोन रेघांवर उभ्या राहिलेल्या, थरथरत्या, आणि साहेब लोकांच्या न वाचता येणाऱ्या. पण इतकी स्वच्छ सही पाहिली नाही. शंका घ्यायला जागाच नाही. कारण खोटी सही काही उचलण्यासाठी करतात, आणि या सहीवर उचलण्यासारखे काही नाही. तोतया भाऊसाहेब होतो, बाळ्याचा तोतया कोण कशाला होईल?

लेण्यांत लेख पुष्कळ सापडतात, पण बहुतेक देणाऱ्यांचे. अमक्या सेठीने खांब दिला, तमक्याने टाके दिले. कार्ल्याला वैजयंतीच्या भूतपाल सेठीने ‘जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह’ आपण पुरे केल्याचे कोरून ठेवले आहे. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर ‘सप्रेम भेट’ लिहिण्याची चाल किती जुनी आहे पाहा. छिन्नी धरणाऱ्याचे नाव मात्र क्वचित. संभाजीनगर जिल्ह्यात पितळखोऱ्याच्या लेण्यात एका यक्षाच्या मूर्तीवर कान्हदास नावाच्या सोनाराने ती केल्याचा लेख आहे. तोच बालकाचा गुरू कान्हा असेल का, असे मनात येते. पण नुसत्या नावावरून दोन खाती एक करायची नसतात.

आणि या बालकाने संधी मिळाली तेव्हा केले काय? केवढी मोठी मूर्ती, मोक्याची जागा, हातात छिन्नी. विचारणारे कोणी नाही. तरी ओळीची सुरुवात त्याने स्वतःपासून केली नाही. आधी कान्हा, मग आपण. कोणी लेण्याला पैसे दिले, तेव्हा राजा कोण होता, त्याचा या ओळीत पत्ता नाही. मूर्तीला तोंड राहिले नाही. राहिला तो मागून ढकलणारा, आणि त्याच्याही आधी त्याला शिकवणारा. कर्जतच्या खोऱ्यातला हा पहिला बँकर.

मेहुण्याने मोबाइलवर त्या ओळीचा फोटो घेतला. विंडसरचे नाव त्या दिवशी एकदाही निघाले नव्हते, हे मी मनात नोंदवून ठेवले.

तेवढ्यात खालून कॉलेजातल्या पोरांचे एक टोळके वर आले. पाठीवर पिशव्या आणि एकाच्या खांद्यावर चक्क दोराचे वेटोळे. त्याने घाम पुसत विचारले, ‘काका, तानाजी कुठून चढला?’

मी तोंड उघडायच्या आत मेहुणा पुढे झाला. ‘तो कोंढाणा. पुण्याकडं. हे कोंडाणे. इथं बालक होता.’

‘त्यानं कुठला किल्ला घेतला?’

मेहुण्याने क्षणभर विचार केला. म्हणाला, ‘घेतलं काही नाही. केलं.’

पोरे जरा हिरमुसली. पण दोरवाला त्या ओळीपाशी जाऊन एकेक अक्षर बोटाने हवेत गिरवू लागला. आम्ही उतरायला लागलो. कर्जतची गाडी गाठायची होती, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी सह्या फार येतात.